नोटेमागची पंधरा ओळींची पट्टी

शंभराची नोट उलटी करून पाहा. एका अरुंद उभ्या पट्टीत एकच रक्कम पंधरा भाषांत लिहिलेली दिसते. मराठी आठव्या ओळीवर, म्हणजे बरोबर मधोमध. दोन ओळी वर कोकणीचे ‘शंबर रुपया’, मग मल्याळम, आणि मग आपले ‘शंभर रुपये’. हा क्रम ना लोकसंख्येचा, ना भाषेच्या वयाचा. भाषांची इंग्रजी नावे रोमन वर्णक्रमाने लावली, म्हणून आसामी पहिली आणि उर्दू शेवटची. देशी भाषांची रांग विलायती बाराखडीने लावलेली, एवढी गंमत सोडली तर पट्टी निमूटपणे आपले काम करत असते.

पट्टीत ‘रुपया’ हा शब्दही सगळीकडे नाही. आसामी, बंगाली आणि ओडिया ओळींत ‘टका’ किंवा ‘टंका’ आहे. तो जुन्या ‘टंक’ या नाण्याच्या नावातून आला. ‘रुपया’चे मूळ संस्कृत ‘रूप्य’ म्हणजे चांदीत. शेरशाह सूरीने १५४० ते १५४५ या आपल्या राजवटीत १७८ ग्रेन वजनाचा चांदीचा रुपया पाडला आणि मोगलांनी तो पुढे चालवला. कंपनी सरकारने १८३५मध्ये देशभरासाठी एकच रुपया ठरवला, १८० ग्रेनचा, म्हणजे नेमका एक तोळा. ‘रुपयाभार’ हे वजन त्यातूनच आले. अशा नाण्याला भाषेची फारशी गरज नव्हती. सराफ ते दगडावर वाजवून पाही आणि खणखणीत आवाज आला की व्यवहार पुरा.

कागद मात्र वाजत नाही, तो वाचावाच लागतो. भाषांचा प्रश्न तिथे सुरू होतो.

सुरुवातीला कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथल्या इलाखा बँका आपापल्या नोटा काढत. १८६१च्या कायद्याने तो अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेल्या पहिल्या सरकारी नोटा एकाच बाजूने छापलेल्या होत्या आणि त्यांवर दोन देशी भाषांत रक्कम असे. दोनच का, याचे उत्तर त्या नोटेच्या पल्ल्यात आहे. देशाचे नोटांपुरते ‘सर्कल’ पाडले होते आणि नोट फक्त आपल्या सर्कलमध्ये कायदेशीर चलन होती. कलकत्त्याची नोट मुंबईत घ्यायला कोणी बांधील नव्हते. नोट जिथे फिरणार तिथली भाषा तिच्यावर असली की पुरे.

त्या काळातली एक रीत मला फार आवडते. दूरगावी पैसे पाठवायचे तर व्यापारी नोट मधोमध कापत. अर्धी आधी टपालाने जाई, ती पोचल्याचे कळले की उरलेली अर्धी निघे. वाटेत टपाल लुटले गेले तरी चोराच्या हाती नुसता अर्धा कागद.

पुढे सर्कलच्या भिंती एकेक करून पडल्या. १९०३मध्ये पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश सोडून सगळीकडे चालू झाली, १९१०मध्ये दहा आणि पन्नासाची, १९११मध्ये शंभराची. याच सुमारास भाषाही दोनावरून चार, चारावरून आठ झाल्या. भाषांच्या मानासाठी ही वाढ झाली असे मला तरी वाटत नाही. नोट जितकी लांब जाऊ लागली, तितक्या लोकांना ती कळणे भाग होते. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट आली आणि पाठोपाठ दोन रुपये आठ आण्यांची, म्हणजे चक्क अडीच रुपयांची! १९२६मध्ये ती बंदही झाली. दोनच वर्षांनी, १९२८मध्ये, नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमुळे नोटा इथेच, देशात, छापल्या जाऊ लागल्या.

स्वातंत्र्यानंतर राजाच्या मुखवट्याच्या जागी काय छापायचे, हा पहिला पेच होता. गांधीजींच्या चित्राचे नमुनेही तयार झाले होते, पण अखेर सारनाथच्या सिंहांवर एकमत झाले. दुसरा पेच व्याकरणाचा. १९५३मध्ये नव्या नोटांवर हिंदी ठळकपणे छापायचे ठरले, तेव्हा ‘दो रुपया’ की ‘दो रुपये’ यावर वाद झाला. निकाल ‘रुपये’च्या बाजूने लागला.

एव्हाना नोट देशभर चालत होती आणि पल्ल्याची कसोटी संपली होती. तिची जागा घटनेच्या आठव्या अनुसूचीने, म्हणजे घटनेतल्या भाषांच्या यादीने, घेतली. मूळ अनुसूचीत १४ भाषा होत्या. हिंदी समोरच्या बाजूला, उरलेल्या १३ मागे. हिशेब जुळत होता. तो पहिल्यांदा बिघडला १९६७मध्ये. सिंधी अनुसूचीत आली, पण पट्टीत आली नाही. १९९२मध्ये कोकणी, नेपाळी आणि मणिपुरी अनुसूचीत आल्या. पहिल्या दोघींना नोटेवर ओळ मिळाली, मणिपुरीला नाही. २००३मध्ये बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाळी यांची भर पडून अनुसूची २२ भाषांची झाली. पट्टी पंधरावरच आहे.