लाल चिखल, हवेचे बलून आणि महागड्या फोर बाय फोर

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाने गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आता रेंज रोव्हर, डिफेंडर, मर्सिडीजची जीएलएस, ऑडीची क्यू सेव्हन अशा गाड्या नेहमीच्या झाल्या आहेत. त्यांच्याबद्दल आपल्याकडे दोन मतं ठामपणे मांडली जातात. एक मत असं, की स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवेच्या बलूनवर तोललेल्या या गाड्या खानापूरच्या जंगलात एक पावसाळा काढतात आणि मग एका सकाळी अंगणात बसलेल्या सापडतात. दुसरं मत असं, की बटण दाबलं की चार बोटं वर उचलणाऱ्या या गाडीपुढे जुन्या जीपची काय कथा! दोन्ही मतांत तथ्य आहे. पण हवेचं सस्पेन्शन, म्हणजे चाकं आणि गाडीचं धड यांच्यामधला हा हवेचा आधार, कुठून आलं आणि ते फोर बाय फोरमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत, का घातलं गेलं, हे पाहिल्याशिवाय या वादाचा उलगडा होत नाही.

आधी आपली जमीन. बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला जांभा दगड आणि लाल माती. जून ते सप्टेंबर तिथे पाऊस थांबत नाही. भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्टोली, कृष्णापूर या गावांच्या वाटा म्हणजे जंगलातली चाकोरी, मध्ये नाले, आणि पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत आणावं लागतं. पूर्वेकडे बैलहोंगल, गोकाक, अथणीच्या बाजूला काळी माती. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी ती डांबरी रस्त्यावर आणून पसरलेली असते. या दोन टोकांच्या मधून पुणे-बेंगळूरु महामार्ग जातो, जिथे हीच गाडी ताशी शंभरने धावायची अपेक्षा असते. जंगलात गाडीचं पोट उंच हवं, महामार्गावर ते खाली हवं. स्टीलची स्प्रिंग घातली की उंची एकदाच ठरते. ही अडचण खरी आहे, आणि हवेचं सस्पेन्शन हे तिचं प्रामाणिक उत्तर आहे.

आपल्याकडची फोर बाय फोरची ओळख मात्र पाट्यांवरच झाली, म्हणजे एकावर एक रचलेल्या स्टीलच्या पानांच्या स्प्रिंगवर. महिंद्राने १९४७ नंतर विलीज जीपची जुळणी सुरू केली. बेळगावात तर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रामुळे कॅम्पातल्या लष्करी जीपा आणि पुढे जबलपूरच्या कारखान्यातली जोंगा ही रोजच्या नजरेतली वाहनं होती. १९८५ मध्ये जिप्सी आली, तीही पाट्यांवर. पाट्याचा गुण सांगायला नको: एक पान तुटलं तरी गाडी घरी येते, आणि दुसरं पान बसवणारा तालुक्याच्या गावी मिळतो. अवगुण असा, की रिकामी गाडी पाठीचे मणके मोजत चालते आणि आखूड हालचालीमुळे खड्ड्यात एक चाक हवेत राहतं.

ब्रिटनमध्येही सुरुवात अशीच होती. १९४८ ची पहिली लँड रोव्हर पाट्यांवरच उभी होती. खरा बदल १९७० च्या रेंज रोव्हरने केला. अभियंते स्पेन किंग यांच्या चमूने त्या गाडीला लांब हालचालीच्या मऊ कॉइल स्प्रिंग, म्हणजे वेटोळ्याच्या स्प्रिंग, दिल्या आणि चारही चाकांना कायम ताकद पोचवली. चाक जमिनीला धरून राहिलं तरच पकड मिळते, हा त्यामागचा विचार होता. पण मऊ स्प्रिंग सामान भरलं की दबते. म्हणून मागच्या अॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, बोगे कंपनीचं एक युनिट बसवलं, जे गाडी चालताना स्वतःच मागची उंची सावरायचं. पुढे हवेने जे काम हाती घेतलं, त्याची गरज इथेच दिसून आली होती.

या गाडीची मर्दुमकी मात्र सगळी स्टीलवरची आहे, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. १९७२ मध्ये ब्रिटिश मोहिमेने दोन रेंज रोव्हर पनामा आणि कोलंबियाच्या मधल्या डारिएनच्या दलदलीतून पार नेल्या. त्या प्रवासात मोडली ती डिफरन्शिअल्स, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणारे गिअर, कारण दलदलीसाठी बसवलेल्या अवाढव्य टायरांचा ताण त्यांना सोसला नाही. १९७९ आणि १९८१ च्या पॅरिस-डाकार शर्यतीत मोटारींमध्ये रेंज रोव्हर पहिली आली, तेव्हाही तिच्याखाली कॉइल स्प्रिंगच होत्या. मर्सिडीजची जी-क्लास १९७९ पासून आजपर्यंत कॉइलवरच आहे. म्हणजे जंगलात जाण्यासाठी हवा लागतेच, असं इतिहास म्हणत नाही.

हवेची स्प्रिंग दुसऱ्याच घराण्यातून आली. तिचा पहिला मोठा वापर अमेरिकेत बसमध्ये झाला. १९५४ च्या ग्रेहाउंड कंपनीच्या सीनिक्रूझर बस हवेवर चालत. तत्त्व सोपं आहे. रबराच्या बलूनमध्ये दाबाखालची हवा असते. वजन वाढलं की आणखी हवा भरून उंची तीच ठेवता येते, आणि दाब वाढल्यामुळे स्प्रिंगचा ताठपणाही वजनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे बस रिकामी असो वा भरलेली, बसणाऱ्याला जवळपास सारखंच वाटतं. १९५७ मध्ये कॅडिलॅकने हे तंत्र एल्डोराडो ब्रॉहॅम या महागड्या मोटारीत आणलं, आणि पुढच्या वर्षी जनरल मोटर्सने ते इतर गाड्यांनाही देऊ केलं. गळती सुरू झाली, व्हॉल्व्हमध्ये ओल आणि घाण शिरली, आणि कित्येक मालकांनी हवा काढून स्टीलच्या स्प्रिंग बसवून घेतल्या. आज आपल्याकडे जुन्या रेंज रोव्हरला कॉइलचा किट लावतात तेव्हा ‘नवीन गाड्याच कच्च्या’ असं म्हटलं जातं. ही तक्रार साठहून अधिक वर्षं जुनी आहे. मर्सिडीजने १९६१ ची ३०० एसई आणि १९६३ ची ६०० या गाड्यांत हवा चिकाटीने टिकवली, पण तिथे कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून भरणारा पंप, इंजिनावर चालणारा होता. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

फोर बाय फोरमध्ये हवा आली १९९२ मध्ये, पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेल्या रेंज रोव्हर एलएसईमध्ये. १९९४ च्या दुसऱ्या पिढीत ती सरसकट झाली. या दोन्ही गाड्यांचे अॅक्सल अखंड दांड्याचे होते. त्यामुळे एक चाक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जायचं. अडचण आली २००२ मध्ये. बीएमडब्ल्यूच्या मालकीच्या काळात आखलेल्या तिसऱ्या पिढीत चारही चाकं स्वतंत्र झाली. स्वतंत्र चाकाची गाडी महामार्गावर उत्तम, पण खडकाळ वाटेवर तिची चाकं एकमेकांना मदत करत नाहीत. इथे अभियंत्यांनी खरोखर सुंदर युक्ती केली. डाव्या-उजव्या बलूनना जोडणारी नळी ठेवली आणि जंगलात कमी वेगाला तिचा व्हॉल्व्ह उघडला. एका बाजूचं चाक दगडावर चढलं की तिथली हवा दुसऱ्या बाजूच्या बलूनमध्ये जाते आणि तिथलं चाक खाली ढकललं जातं. अखंड अॅक्सलचा गुण हवेने परत मिळवला. २००४ च्या डिस्कव्हरी ३ मध्ये याला टेरेन रिस्पॉन्सची जोड मिळाली, म्हणजे चिखल, वाळू, खडक यांसाठी इंजिन, गिअर, ब्रेक आणि उंची एकाच बटणावर. माझ्या मते हवेच्या फोर बाय फोरचा सर्वांत मोठा टप्पा हाच आहे. नंतरच्या गाड्यांनी त्यात भर घातली, पाया बदलला नाही.

मिळतं काय, तेही मोजून पाहू. २०२० मध्ये बाजारात आलेली हवेवरची डिफेंडर ११० नेहमीच्या उंचीपासून ७५ मिलिमीटर वर जाते, गरज पडली तर आणखी ७० मिलिमीटर. जंगलातल्या उंचीला पोटाखाली २९१ मिलिमीटर मोकळी जागा मिळते आणि कंपनी ९०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाण्याची मुभा देते. वाहत्या नाल्याला हा आकडा लावू नये. तो स्थिर पाण्याचा आहे. उंचीची किंमतही असते. स्वतंत्र चाकाची गाडी पूर्ण वर उचलली की चाकं आधीच खाली लोंबलेली असतात. खड्ड्यात आणखी खाली जायला त्यांच्याकडे थोडीच हालचाल उरते, आणि गाडी ताठ होते. म्हणून डिस्कव्हरी ३ साधारण ताशी ५० किलोमीटरच्या पुढे स्वतःहून खाली उतरते.

आणि उंची म्हणजे पकड नव्हे. गोकाककडच्या काळ्या मातीत टायरच्या खाचा भरून गुळगुळीत झाल्या की चार बोटं वर असलेली गाडीही जागीच फिरते. जांभ्याच्या वाटेवर तर गोष्ट आणखी नाजूक आहे. १९७० ची रेंज रोव्हर १६ इंची चाकांवर होती. २०२१ च्या पिढीला २३ इंचांपर्यंतची चाकं मिळतात. रिम वाढली तशी टायरची भिंत आखूड झाली, आणि जांभ्याची धार नेमकी भिंतीलाच कापते. आमच्या भागात अशा गाड्यांचा जंगलातला प्रवास बलूनमुळे कमी आणि फाटलेल्या टायरमुळे जास्त थांबतो, असं माझं निरीक्षण आहे. शक्य असेल तर लहान रिम घ्यावी, हा सल्ला मी दिखाऊपणा पत्करणाऱ्याला वाईट वाटलं तरी देईन.

आता टिकाऊपणाकडे. बेळगावकरांनी हवेचं सस्पेन्शन महागड्या गाडीत बसून ओळखलं नाही, रात्रीच्या बसमध्ये झोपून ओळखलं. २००१ मध्ये व्होल्वोच्या बी७आर बस भारतात आल्या आणि बेंगळूरु-मुंबई मार्गाचं रूप पालटलं. त्या बसच्या खालीही रबराचेच बलून आहेत. तोच पाऊस, तोच रस्ता, आणि बस लाखो किलोमीटर चालते. मग मोटारच का बसते?

उत्तर कॉम्प्रेसरमध्ये आहे. बसला ब्रेकसाठी हवा लागतेच. इंजिनावर चालणारा दणकट कॉम्प्रेसर सतत टाक्या भरत असतो, बारीक गळती त्याला जाणवतही नाही. बलून आणि उंची सावरणारे लेव्हलिंग व्हॉल्व्ह डेपोत खाली वाकलं की दिसतात. मोटारीतला कॉम्प्रेसर विजेवर चालणारा, मुठीत मावावा एवढ्या मोटरचा, आणि थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला. डिस्कव्हरी ३ मध्ये तो गाडीच्या पोटाखालीच आहे. बलूनला भेग पडली की त्याला वारंवार चालावं लागतं, तो तापतो, आणि इथून एक साखळी सुरू होते. बाहेरची हवा आत घेताना तिच्यातली ओल ड्रायरमधले दाणे शोषून घेतात. गाडी खाली उतरताना हवा त्याच दाण्यांतून उलटी बाहेर जाते आणि त्यांना पुन्हा कोरडं करते. गळती असेल तर हवा भेगेतूनच निघून जाते, ड्रायरकडे परत येत नाही. दाणे ओलेच राहतात. पुढची ओल चारही बलूनना हवा वाटणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाते, तिथे गंज धरतो, सील खराब होतात. शेवटी कॉम्प्रेसर जळतो, लोक तोच बदलतात आणि मूळ भेग तशीच राहते. मग नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो. श्रावणातल्या कणकुंबीची हवा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हे चक्र आपल्याकडे किती झपाट्याने फिरत असेल ते कळेल. त्यात लाल मातीचे बारीक कण बलूनच्या घडीत अडकतात आणि गाडी वरखाली होताना रबर घासतात.

यात आणखी एक गोष्ट भर घालते, आणि तिच्याकडे कुणी फारसं पाहत नाही. आपल्याकडे या गाड्यांपैकी बऱ्याच बेंगळूरु, पुणे, मुंबईतून दुसऱ्या हाताने येतात. सात-आठ वर्षं वापरलेल्या गाडीचे बलून आयुष्याच्या शेवटाकडे आलेले असतात. टायर जुने झाले तर आपण बदलतो आणि कंपनीला दोष देत नाही. बलूनही तसेच बदलायचे रबराचे भाग आहेत. २००८ मध्ये टाटांनी जग्वार लँड रोव्हर घेतली, २०२४ मध्ये रेंज रोव्हरची जुळणी पुण्यात सुरू होणार असल्याचं जाहीर झालं, त्यामुळे नव्या गाडीची किंमत उतरली. जुन्या गाडीच्या रबराचं वय त्याने कमी होत नाही.

म्हणून अशी जुनी गाडी घेणाऱ्याने इंजिनाइतकाच वेळ खालच्या बाजूला द्यावा. संध्याकाळी चारही चाकांवरची उंची टेपने मोजून लिहावी, गाडी सपाट जागी रात्रभर ठेवावी आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी पुन्हा मोजावी. काही मॉडेलं उभ्या उभ्याही स्वतःला सपाट करतात, सर्वांत खाली गेलेल्या कोपऱ्याच्या पातळीला बाकीचे तीन आणतात. त्यामुळे चारही कोपरे बसलेले दिसले तरी गळती एकाच ठिकाणी असू शकते. गाडी पूर्ण उंच करून बलूनच्या घडीवर आणि जोडांवर साबणाचं पाणी मारलं की बुडबुड्यांवरून ती सापडते. कॉम्प्रेसर बदलायची वेळ आली तर ड्रायर आणि रिले (कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच) सोबतच बदलावेत, आणि त्याआधी गळती बंद केलेली असावी. चिखलातून आल्यावर बलूनच्या घडीतली माती साध्या पाण्याने, गाडी उंच ठेवून, धुवावी. प्रेशर पंपाचा झोत जवळून मारू नये. जॅक लावण्यापूर्वी उंची आपोआप बदलणं बंद करावं. हे सगळं मे महिन्यात, पावसाळ्याआधी उरकलेलं बरं. जूनमध्ये जांबोटीच्या पुढे गाडी बसली तर तिला उचलून न्यायला येणारा ट्रकही त्याच चिखलातून यायचा असतो.