बंद फाइलमधला आकडा: वर्कबुक (स्प्रेडशीटची फाइल) जोडणीची पार्श्वभूमी
१९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट, म्हणजे ओळी-रकान्यांत हिशेब मांडायचे सॉफ्टवेअर, आले, तेव्हा २५४ ओळींची एक शीट म्हणजेच सगळा हिशेब. बाहेरचा आकडा हवा असेल तर तो हाताने टाकायचा. मायक्रोसॉफ्टच्या मल्टिप्लॅन या स्प्रेडशीटने १९८२ मध्ये दुसऱ्या शीटशी जोडणीची सोय दिली. बाजार मात्र लोटस १-२-३ या स्पर्धक स्प्रेडशीटच्या हातात होता आणि तिथे सूत्रातून दुसऱ्या फाइलचा सेल (चौकट) वाचायला १९८९ ची २.२ आवृत्ती यावी लागली.

एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आले. एका फाइलमध्ये अनेक शीटचे टॅब त्यात १९९३ च्या आवृत्ती ५ पासून मिळाले. त्याआधी बारा महिन्यांचा हिशेब म्हणजे बहुधा बारा फाइली, त्यामुळे जोडणीवाचून गत्यंतर नव्हते.

एक्सेलच्या सूत्रात या जोडणीची मांडणी आजही तीच आहे: चौकोनी कंसात फाइलचे नाव, पुढे शीटचे नाव, उद्गारचिन्ह, मग सेलचा पत्ता. मूळ फाइल बंद असली तरी आकडा दिसतो, कारण आकडा घेणाऱ्या फाइलमध्येच त्याचे शेवटचे मूल्य साठवलेले असते. ही सोय मोठी, पण मला तिची धास्तीही वाटते: फाइल उघडताना अपडेट नाकारले तर जुना आकडा ताज्यासारखाच दिसतो.

खरी अडचण फाइलचे नावच बदलते ठेवायचे असेल तेव्हा येते. ए१ मध्ये महिना लिहायचा आणि सूत्राने त्या महिन्याची फाइल उघडायची, ही प्रत्येकाची इच्छा. त्यासाठी हाताशी येते ते इनडायरेक्ट, म्हणजे मजकुराचा सेलपत्ता बनवणारे फंक्शन. पण साधी लिंक सूत्र लिहिताच फाइलच्या नोंदीत जाते. इनडायरेक्टमधला मजकूर पत्ता बनतो तो गणिताच्या वेळी. एक्सेलकडे त्या फाइलची नोंदच नसते, म्हणून ती बंद असली की थेट रेफ एरर, म्हणजे पत्ता सापडत नसल्याची चूक. अटीनुसार बेरीज करणारे समइफ हे फंक्शनही बंद फाइलपुढे अडते, गुणाकारांची बेरीज करणारे समप्रॉडक्ट अडत नाही. हा फरक माहीत नसल्याने लोक तासन्‌तास सूत्रात चूक शोधतात.

गूगल शीट्सच्या इम्पोर्टरेंज या दुसऱ्या फाइलमधून आकडे आणणाऱ्या फंक्शनमध्ये फाइलचा पत्ता मजकूर म्हणूनच द्यायचा असतो, त्यामुळे तो दुसऱ्या सेलमधूनही घेता येतो. दोन्ही फाइली सर्व्हरवर असल्याने उघडी-बंद हा प्रश्नच उरत नाही. पहिल्यांदा परवानगी तेवढी द्यावी लागते. एक्सेलने वेगळी वाट धरली. २०१६ च्या आवृत्तीत अंगभूत झालेली पॉवर क्वेरी ही माहिती गोळा करायची सोय सूत्राला बाजूला ठेवून अख्खे फोल्डर वाचते: नव्या महिन्याची फाइल त्यात टाकायची आणि रिफ्रेश करायचे.