मॉड की स्किनहेड? शर्ट एकच, वेश दोन

एका मित्राने फोटो पाठवला. काळा फ्रेड पेरी शर्ट, कॉलरच्या कडेला पिवळ्या दोन रेघा, गळ्याचं बटण लावलेलं. खांद्यांवर अरुंद लाल गॅलिस (पॅन्ट धरून ठेवणारे पट्टे), घोट्याच्या वर दुमडलेली जीन्स, पायात चेरी रंगाचे आठ भोकांचे डॉक्टर मार्टेन्स. डोक्यावर मशीन फिरवलेली. खाली एकच ओळ : 'मॉड लुक जमलाय ना?'

कपडे त्याला शोभत होते, पण मॉड लुक तो नव्हता. तो सरळसरळ स्किनहेडचा वेश होता. मॉड आणि स्किनहेड हे १९६०च्या दशकातल्या ब्रिटिश तरुणांचे दोन पंथ, कपडे आणि संगीत यांवरून ओळखले जाणारे. पुढच्याच महिन्यात हा लंडनला शिकायला निघाला होता, म्हणून मी फोन केला आणि तासभर बोललो. तेच इथे जरा नीट मांडतो.

घोटाळा होणं साहजिक आहे, कारण स्किनहेड हे मॉडच्याच पोटी जन्मले. फ्रेड पेरीचा शर्ट दोघांचा, बेन शर्मनचा बटणाच्या कॉलरचा शर्ट दोघांचा, कमरेपर्यंतचं हॅरिंग्टन जॅकेट दोघांचं, जमैकन संगीतही दोघांचं. तरीही दोघांच्या कपड्यांमागची इच्छा एकमेकांच्या अगदी उलट आहे. मॉडला आपण कामगाराच्या घरातले आहोत हे कपड्यांवरून ओळखू येऊ द्यायचं नव्हतं. स्किनहेडला नेमकं तेच दाखवायचं होतं.

आधी मॉड. १९५०च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये मॉडर्न जॅझ ऐकणारे काही तरुण होते. पारंपरिक जॅझवाल्यांपासून वेगळे म्हणून त्यांना 'मॉडर्निस्ट' म्हणत, त्याचंच पुढे 'मॉड' झालं. दिवसा कुठल्यातरी कचेरीत कारकुनी किंवा दुकानात विक्रीचं काम, आणि रात्री सोहोतले क्लब. युद्धानंतरचं रेशनिंग १९५४ मध्ये पूर्ण संपलं होतं, सक्तीची सैन्यभरती १९६० मध्ये थांबली. आधीच्या पिढीची उमेदीची दोन वर्षं सैन्यात जात होती. या पोरांच्या हातात त्याच वयात पगार होता आणि तो खर्चायला मोकळ्या संध्याकाळी होत्या. तो पगार गेला कपड्यांवर, रेकॉर्डवर आणि हप्त्यावर घेतलेल्या स्कूटरवर.

कपडे म्हणजे मुख्यतः सूट, तोही इटालियन वळणाचा आणि अंगाच्या मापाने शिवलेला. आखूड, अंगाबरोबर बसणारा कोट, पुढे तीन बटणं, बारीक लॅपल (छातीवर दुमडलेली कॉलरची पट्टी), बाजूंना दोन काप, खाली निमुळती पॅन्ट. त्या कापांची लांबी किती असावी यावरही त्यांच्यात वाद होत, आणि आज जी बरोबर ती थोड्याच दिवसांत जुनी ठरे. मला मॉड आवडतात ते या बारकाव्यांसाठी. लांबून पाहिलं तर साधा गडद सूट; जवळ गेल्यावर एकेक गोष्ट दिसायला लागते. मी माझा सूट पुण्यात शिवून घेतला तेव्हा मास्तरांनी दोनदा विचारलं, ''साहेब, लॅपल खरंच एवढी बारीक? बॉटम पंधराच ठेवायचा?'' दोन्हींना हो म्हटलं. ट्रायलला त्यांनी कोट माझ्या अंगावर चढवला, दोन पावलं मागे सरकून बघितलं आणि खांद्याला आणखी एक टाचणी लावली. मॉड म्हणजे काय ते त्या टाचणीत आलं, असं मला मनापासून वाटतं.

लंडनच्या कार्नाबी स्ट्रीटवर जॉन स्टीफनची दुकानं उभी राहिली ती याच मुलांच्या जिवावर. ग्लासगोहून आलेला हा तरुण नवी नवी फॅशन झटपट दुकानात आणायचा. मुलींकडे मेरी क्वांटचे सरळ, आखूड ड्रेस होते. किंग्ज रोडवरचं तिचं 'बझार' हे दुकान १९५५चं. केस व्हिडाल ससून या केशकर्तनकाराच्या पद्धतीने भूमितीय आकारात कापलेले, पायात सपाट बूट. पायांवरून आठवलं, मॉडचे लाडके डेझर्ट बूट मुळात आपल्याच बाजूचे. क्लार्क्स कुटुंबातला नेथन क्लार्क युद्धात ब्रह्मदेशात होता. तिथल्या अधिकाऱ्यांच्या पायात कैरोच्या बाजारात बनलेले सुएडचे बूट त्याने पाहिले आणि त्यावरून हा बूट केला.

आता पार्का. पार्का घातला की मॉड, असं आज अनेकांना वाटतं. तो लांब, हिरवट, मागून माशाच्या शेपटीसारखा दुभंगलेला कोट म्हणजे अमेरिकी लष्कराचा एम-५१, कोरियन युद्धाच्या काळातला. लष्कराचा जादा माल स्वस्तात मिळे, म्हणून या पोरांनी घेतला. त्याचं काम एकच होतं, स्कूटरवरून जाताना आतला महागडा सूट चिखलपावसापासून वाचवायचा. आत सूट नसेल तर पार्का हा नुसता रेनकोट उरतो.

स्कूटर व्हेस्पा किंवा लॅम्ब्रेटा. मराठी वाचकाला या दोन्ही घरच्याच. लॅम्ब्रेटा मुंबईत तयार होत होत्या, व्हेस्पाच्या परवान्यावर पुण्यात बजाजने स्कूटर बनवल्या आणि पुढे चेतक आली. ज्या स्कूटरवर आपल्याकडे पुढे मूल उभं, मागे बायको आणि पायाशी भाजीची पिशवी असा अख्खा संसार फिरला, तीच तिकडे एकट्या पोराची ऐट होती. तिला डझनभर आरसे आणि दिवे लावून तो क्लबला जायचा. मोटरसायकलवाल्या, चामडी जॅकेटातल्या रॉकर्सशी त्यांच्या मारामाऱ्या झाल्या, १९६४च्या ईस्टरला क्लॅक्टनमध्ये आणि मग मे महिन्यात ब्रायटन, मार्गेटमध्ये. वर्तमानपत्रांनी त्या प्रत्यक्षाहून कितीतरी मोठ्या करून छापल्या. स्टॅन्ली कोहेन या समाजशास्त्रज्ञाने त्यावरच अभ्यास केला, आणि 'मॉरल पॅनिक' (एखाद्या गटाविषयी समाजात उठणारी अतिरंजित भीती) ही संज्ञा रूढ झाली.

१९६६-६७च्या सुमारास वाटा फुटल्या. काही मॉड लांब केस, फुलाफुलांचे शर्ट आणि सायकेडेलिक संगीताकडे गेले. उत्तर इंग्लंडमधल्या अनेकांनी सोल संगीत सोडलं नाही. आणि कामगार वस्त्यांतल्या काहींना ती लांब केसांची, आर्ट स्कूलची मंडळी परकी वाटू लागली. त्यांनी केस आणखी आखूड केले, पायात कामाचे बूट चढवले. यांना 'हार्ड मॉड' म्हणत. १९६९ उजाडेपर्यंत त्यांचं नाव स्किनहेड झालं होतं.

त्यांच्या वेशात गोदी आणि कारखाना सरळ दिसतो. डॉक्टर मार्टेन्सचा १४६० हा बूट १ एप्रिल १९६० रोजी बाजारात आला, म्हणून त्याचं नाव १४६०. नॉर्दम्प्टनशायरच्या ग्रिग्ज कुटुंबाने जर्मन डॉक्टरच्या हवा भरलेल्या तळव्याचे हक्क घेऊन तो बनवला. पोस्टमन आणि कामगार तो घालत. स्किनहेडने जीन्स वर दुमडली ती हा बूट पूर्ण दिसावा म्हणून. गॅलिस, जाड कापडाचे शर्ट, हिवाळ्यात क्रॉम्बी ओव्हरकोट. मात्र ते गबाळे मुळीच नव्हते, हे ध्यानात ठेवायला हवं. पॅन्टची धार कडक, बूट आरशासारखे, आणि शनिवारी रात्री हलता रंग बदलणारा टॉनिक मोहेरचा सूट. इस्त्रीची ही आवड आली मॉडकडून. आखूड केस आणि आखूड पॅन्ट यांवर जमैकाहून आलेल्या 'रूड बॉय' तरुणांची छाप होती. शेजारच्या वेस्ट इंडियन पोरांबरोबर ते नाचत. जमैकन गायक डेस्मंड डेकरचं गाणं १९६९च्या वसंतात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, त्यात या टकल्यांचा मोठा वाटा होता.

इथे एक गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगायला हवी. 'स्किनहेड म्हणजे नाझी' हे चूक आहे. 'मुळात सगळं निरागस होतं, राजकारण नंतर शिरलं' हेही तितकंच चूक आहे. काळ्या संगीतावर जीव टाकणारी हीच पोरं १९६९-७० मध्ये आशियाई माणसांना रस्त्यात गाठून मारत होती. त्याला 'पाकी-बॅशिंग' असं नावच पडलं होतं, आणि मार खाणारा भारतीय आहे, पाकिस्तानी आहे की बंगाली, याची चौकशी कोणी करत नसे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी पंकबरोबर दुसरी लाट आली, तेव्हा नॅशनल फ्रंट या वंशवादी, कडव्या उजव्या पक्षाने त्यांच्यात उघड भरती केली. बूट उंच झाले, डोकी तुळतुळीत झाली, जीन्सवर ब्लीचचे डाग आले, हॅरिंग्टनच्या जागी हिरवं बॉम्बर जॅकेट आलं. ३ जुलै १९८१ला लंडनच्या साउथॉल या आशियाई वस्तीतल्या हॅम्बरो टॅव्हर्न या पबमध्ये स्किनहेड बँडचा कार्यक्रम होता, बाहेरून बस भरून माणसं आली, आणि वस्तीतली आशियाई पोरं रस्त्यावर उतरली. रात्री तो पब जळून गेला. याच काळात कॉव्हेंट्रीच्या टू टोन या रेकॉर्ड कंपनीभोवती काळे आणि गोरे वादक एकत्र वाजवत होते आणि त्यांच्यासमोर वंशवादाविरुद्धचे स्किनहेडही नाचत होते. पुढे अमेरिकेत 'शार्प' ही वंशद्वेषाविरुद्धच्या स्किनहेडांची चळवळ निघाली. एकाच बुटात दोन्ही प्रकारची माणसं होती, आणि लांबून ती ओळखू येत नव्हती.

हे मला पुस्तकांतून कळायच्या आधी एका घरात कळलं. लंडनमध्ये मी वर्षभर साउथॉलजवळ एका मराठी कुटुंबाकडे खोली घेऊन राहत होतो. काकू सत्तरच्या दशकात तिकडे गेलेल्या. एकदा मी नवे आठ भोकांचे बूट आणले आणि दारात काढून ठेवले. काकू कामावरून आल्या, बूट पाहून उंबऱ्यातच थांबल्या आणि तिथूनच हाक मारली, ''कोण आलंय रे?'' माझेच आहेत म्हटल्यावर आत आल्या, पिशवी ठेवली, पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, ''संध्याकाळी बसस्टॉपवर आम्ही आधी पाय बघायचो माणसाचे. तोंड नंतर.'' रागावल्या नाहीत. पण त्या घरी असेपर्यंत ते बूट मी पुन्हा घातले नाहीत.

म्हणून मित्राला सांगितलं, तूही पायापासून बघ. बूट घोट्यावर जाणारे, चकचकीत आणि मुद्दाम दिसतील असे असतील तर स्किनहेड. लोफर किंवा सुएडचे डेझर्ट बूट असतील तर मॉड. दुमडलेली जीन्स एकाची, धारेची निमुळती पॅन्ट खरं तर दोघांची, पण मॉडची बुटावर अलगद टेकते. गॅलिस बाहेर दिसले की प्रश्नच मिटला. केस विंचरता येत असतील तर मॉड. मुलींमध्ये हे आणखी स्पष्ट दिसतं : मॉड मुलीचा बॉब, तर स्किनहेड मुलीचे डोक्यावर बारीक कापलेले केस आणि कपाळावर, कानांपाशी सोडलेल्या बटा.

शर्टावरून मात्र काहीच ठरत नाही. तीनदा विम्बल्डन जिंकलेल्या फ्रेड पेरीने १९५२ मध्ये तो काढला तेव्हा तो पांढरा होता आणि टेनिससाठी होता. पेरीचे वडील कापसाच्या गिरणीत काम केलेले, पुढे लेबर पक्षाकडून खासदार झालेले. त्यांच्या मुलाच्या नावाचा शर्ट उजव्या टोळ्यांनी गणवेशासारखा वापरावा याचं मला फार वाईट वाटतं. मित्राच्या अंगावर होता तोच काळा-पिवळा शर्ट अमेरिकेतल्या 'प्राउड बॉइज' या कडव्या उजव्या गटाने उचलला. कंपनीने तो अमेरिकेत आणि कॅनडात विकणं बंद केलं आणि २०२० मध्ये तसं जाहीरही केलं.

''मग काय, सगळं टाकून देऊ?'' मित्राने विचारलं. नको म्हटलं. बूट ठेव, पॅन्ट त्यांच्यावर सोड. गॅलिस कपाटात ठेव. हा शर्ट इथे घाल, तिकडे पांढरा ने. आणि केस जरा वाढू दे.

आठवड्याने दुसरा फोटो आला. पांढरा शर्ट, राखाडी निमुळती पॅन्ट, पायात वाळूच्या रंगाचे सुएडचे बूट. केस अजून भांग पडण्याइतके वाढले नव्हते. बॉटम मात्र शिंप्याने सतरा ठेवला होता, तो मी त्याला दोन इंच कमी करून आणायला सांगितला.