कुंडीत तळाला खडे घालू नका, त्याने उलटंच होतं

बी पेरलं, रोज न चुकता पाणी घातलं आणि तरी काही उगवलं नाही की सगळे आधी बियांच्या पाकिटावर घसरतात. आता कधीकधी बी जुनं असतं हे खरं (कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांतच मान टाकतं, टोमॅटोचं चार-पाच वर्षं आरामात टिकतं), पण माझं मत विचाराल तर बऱ्याचदा ते बी कुंडीत गुदमरून मेलेलं असतं.

कोरडं बी जवळजवळ झोपलेलंच असतं. पाणी शोषून फुगलं की काही तासांतच त्याचं श्वसन जोरात सुरू होतं, आत साठवलेलं स्टार्च नाहीतर तेल फोडून त्यावर कोंब वाढायला लागतो आणि या सगळ्याला ऑक्सिजन लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की तो पोचतच नाही, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने साधारण 10,000 पट हळू पसरतो. म्हणजे ओल हवी पण हवाही हवी, शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तेच, फक्त कुंडीत ते जमवणं जरा अवघड असतं.

का, ते घरीच बघता येईल. भांडी घासायचा जाडसर आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा, आडवा धरा आणि टपकणं थांबेपर्यंत थांबा. आता अजिबात न पिळता तोच स्पंज उभा करा, परत पाणी गळायला लागेल! झालं काय, तर बारीक छिद्रं गुरुत्वाकर्षणाला न जुमानता काही उंचीपर्यंत पाणी धरून ठेवतात आणि ही उंची छिद्रांच्या आकारावर ठरते, स्पंज आडवा आहे की उभा यावर नाही. कुंडीतही तसंच. जास्तीचं पाणी भोकातून निघून गेलं तरी तळाशी एक चिंब थर राहतोच, त्यामुळे उथळ ट्रेमध्ये जवळपास सगळी माती चिंब आणि खोल कुंडीत फक्त खालचा भाग. जमिनीत हा प्रश्न सहसा येत नाही, खाली माती सलग असते, पाणी ओढलं जातं.

आता खड्यांचं. तळाला खडे किंवा खापरं टाकली की निचरा चांगला होतो असं सगळेच सांगतात आणि वाटतंही पटण्यासारखं, पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहजासहजी उतरतच नाही, वरची माती पुरती भिजेपर्यंत ते तिथेच अडून बसतं. परिणामी तो चिंब थर उलट वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ, आणि कुंडीची उंची वाया गेली ती वेगळीच. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून जाळीचा तुकडा ठेवा, बास. निचरा सुधारायचा तर सगळं मिश्रणच भुसभुशीत करायला हवं, कोकोपीट, कंपोस्ट, थोडं परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) वगैरे घालून. नुसती बागेतली माती कुंडीत भरली तर ती दबून घट्ट होते.

पेरताना खोली बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट ठेवायची. बारीक बियांचं मात्र वेगळं आहे, त्यांच्याकडे शिदोरीच थोडी, वर येईपर्यंत संपते. त्यातल्या काही तर आधी उजेड आहे का ते तपासतात. 1952 मध्ये अमेरिकेत बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या बियांवर दाखवलं की लाल उजेड दिला तर उगवतात, लगेच त्यावर दूर-लाल (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा) उजेड टाकला तर थांबतात, आणि आलटूनपालटून दिला तर शेवटी जो दिला तोच चालतो. पानं लाल उजेड शोषतात आणि दूर-लाल खाली जाऊ देतात, त्यामुळे डोक्यावर दुसऱ्या झाडाची सावली आहे हे बियाला कळतं. असलं बी मातीवर नुसतं भुरभुरवा आणि हलकं दाबा.

उगवल्यावर पुढची भानगड, रोपं लांबट होऊन खिडकीकडे झुकतात. डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोंबाच्या टोकाला टोपी घातली तर कोंब उजेडाकडे वळलाच नाही, 1880 सालची गोष्ट. टोकाला उजेड कळतो पण वाकतो खालचा भाग, कारण टोकाकडून उतरणारं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक अंधाराच्या बाजूला जास्त जातं आणि तिथल्या पेशी लांबतात. कुंडी रोज फिरवली तर रोप सरळ दिसेल, पण लांबटपणा जायला जास्त उजेडच लागतो, खत घालून काही होत नाही.

सकाळी बघावं तर जोमदार रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवं पडलेलं, ही रोपं कोलमडणं बहुतेकदा पिथियमसारख्या जंतूंची करामत. त्यांना चिंब माती आणि दाटीवाटी आवडते, म्हणून विरळणी करा, जीव तुटला तरी करा. नको ती रोपं उपटायची नाहीत, कात्रीने कापायची, नाहीतर शेजाऱ्याची मुळंही हलतात. आणि मोठ्या कुंडीत हलवताना रोप पानाला धरून उचलायचं, देठाला नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, पण त्या वयात देठ चेमटला की रोप गेलंच समजा.