पटकीचे जंतुविष आणि शंभुनाथ डे यांचे संशोधन

पटकीचे, म्हणजेच कॉलऱ्याचे, जंतुविष हे व्हिब्रिओ कॉलरी हा जिवाणू लहान आतड्यात स्रवतो असे प्रथिन असून पटकीच्या रोग्याला होणारे तांदळाच्या धुवणासारखे जुलाब त्याच्यामुळेच होतात. हे विष जिवंत जिवाणूच बाहेर टाकतो आणि ते थेट आतड्यावर काम करते, हे प्रयोगाने दाखवून देण्याचे श्रेय कोलकात्याचे विकृतिशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ शंभुनाथ डे (१ फेब्रुवारी १९१५–१५ एप्रिल १९८५) यांचे आहे.

जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यातच स्वल्पविरामाच्या आकाराचा हा जंतू रोग्यांच्या आतड्यात सातत्याने सापडतो हे दाखवले आणि तो विष तयार करत असावा असा तर्कही मांडला. मात्र पुढची पाऊणशे वर्षे त्या तर्काला प्रयोगाचा आधार मिळाला नाही. मेलेले जंतू फुटल्यावर त्यांच्या अंगातले विष मोकळे होते, ही कल्पना रुजली होती आणि बरेचसे संशोधक जंतू टोचत ते प्राण्याच्या उदरपोकळीत किंवा रक्तात. प्राणी मरत, पण त्यांना जुलाब होत नसत. म्हणजे पटकीचे मुख्य लक्षणच प्रयोगातून निसटत होते.

डे यांचा जन्म हुगळी जिल्ह्यातील गरिबाटी गावचा. कलकत्ता मेडिकल कॉलेजातून १९३९ मध्ये वैद्यकीय पदवी घेऊन त्यांनी लंडनला विकृतिशास्त्रज्ञ रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. परतल्यावर ते नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात आणि १९५५ पासून कलकत्ता मेडिकल कॉलेजात काम करू लागले. उपकरणे साधीच होती, परंतु पटकीचे रोगी त्याच शहरातल्या रुग्णालयांत होते आणि रोग्याच्या आतड्यात नेमके काय घडते हा प्रश्न डे यांनी सोडला नाही.

सहकारी डी. एन. चटर्जी यांच्यासह १९५३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेली पद्धत सुईदोऱ्याच्या कामासारखी साधी आहे. सशाला भूल देऊन पोट उघडायचे, लहान आतड्याचा काही इंचांचा तुकडा न कापता दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा, त्या बंद नळीत पटकीच्या जंतूंचे थोडे संवर्धन (जंतू वाढवलेला पोषक द्रव) टोचायचे आणि पोट शिवून टाकायचे. दुसऱ्या दिवशी पाहावे तर बांधलेला तुकडा पाण्याने टच्च फुगलेला असे आणि आतला द्रव रोग्याच्या जुलाबासारखाच दिसे. शेजारच्या, जंतू न टोचलेल्या तुकड्यात मात्र असे काही साचत नसे. जंतू कोठे सोडायचे हे बदलताच रोग प्राण्यात दिसू लागला, हीच या कामाची खरी किमया म्हणावी लागेल. अतिसाराच्या रोग्यांतून मिळालेल्या ई. कोलाय जिवाणूंचे काही वाणही असेच पाणी साचवतात, हे डे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दाखवले.

निर्णायक पायरी १९५९ ची. संवर्धन गाळून त्यातले सर्व जंतू काढून टाकल्यावरही उरलेल्या द्रवाने आतड्याचा तुकडा फुगतो, असे डे यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मांडले. जंतू नाहीत, तरी रोगाचे लक्षण आहे. तेव्हा द्रवात उतरलेले विषच कारण ठरते. योगायोग असा, की त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी सशाच्या पिलांवरील प्रयोगांतून पटकीतील विषाची भूमिका दाखवली.

हे विष आतड्याच्या पेशींतील चक्रीय एएमपी हा संदेश पोचवणारा रेणू वाढवते, पेशी क्लोराइड बाहेर सोडतात आणि त्यामागोमाग सोडियम व पाणी वाहू लागते. तीव्र आजारात तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकते. आतड्याचे अस्तर मात्र शाबूत असते आणि साखरेच्या जोडीने सोडियम शोषण्याची त्याची क्षमता टिकून राहते. म्हणूनच साखर-मिठाच्या पाण्याने, म्हणजे आपल्याकडे घरोघरी माहीत असलेल्या जलसंजीवनीने, रोगी वाचतो. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध केले. ज्या महाराष्ट्रात गावे पटकीच्या भीतीने मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडत, तिथल्या वाचकाला या पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

डे यांना हयातीत देशात एकही मोठा पुरस्कार मिळाला नाही आणि भारतीय विज्ञान अकादमींनी त्यांना सदस्यत्वही दिले नाही, ही गोष्ट खेदाची आहे. नोबेल विजेते अमेरिकी आनुवंशिकीशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी मात्र नोबेल पुरस्कारासाठी त्यांचे नाव सुचवले होते. डे १९७३ मध्ये निवृत्त झाले. १९७८ मध्ये पटकीवरील नोबेल परिसंवादाचे त्यांना निमंत्रण आले आणि मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १९९० मध्ये, ‘करंट सायन्स’ या भारतीय विज्ञानपत्रिकेने त्यांच्या कार्यावर विशेषांक काढला.