बंद्यांचे दिवाणी दावे आणि कोर्ट फी माफी (मुंबई)

तुरुंगात असलेल्या व्यक्तीने दिवाणी दावा लावला तर कोर्ट फी कोण भरते, ती कधी माफ होते आणि दावा हरल्यास खर्च कोणाच्या अंगावर येतो, हे ठरवणारी कायदेशीर व्यवस्था. मुंबईत हा प्रश्न प्रामुख्याने आर्थर रोड आणि भायखळा येथील तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांपुढे उभा राहतो. फौजदारी खटल्यात सरकारी खर्चाने वकील मिळतो हे बहुतेकांनी ऐकलेले असते. दिवाणी दाव्यालाही तीच सोय लागू आहे, ही माहिती मात्र बराकीपर्यंत फारशी पोचत नाही.

माणूस आत गेला म्हणून त्याचे बाहेरचे व्यवहार थांबत नाहीत. चाळीतली खोली खाली करून घेण्यासाठी घरमालक दावा लावतो, गावच्या जमिनीचे वाटप परस्पर उरकले जाते, आधीच्या नोकरीतली येणी अडकून पडतात, घटस्फोटाची नोटीस येते. असे दावे लावण्याचा आणि लढवण्याचा हक्क बंदिवासाने जात नाही. बंद्याचे हक्क किती शिल्लक राहतात यावरचा एक महत्त्वाचा निवाडा मुंबईतूनच आला. भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी तुरुंगात अणुविज्ञानावर मराठी पुस्तक लिहिले. त्याचे हस्तलिखित छपाईसाठी पत्नीकडे पाठवायला सरकारने नकार दिला. ते उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचे अपील फेटाळले. स्थानबद्धतेच्या अटींत जे निर्बंध लिहिलेले नाहीत ते सरकारला लादता येत नाहीत, हा त्या निकालाचा गाभा.

महाराष्ट्रात कोर्ट फी १९५९ च्या राज्य कायद्यानुसार आकारली जाते. पैशाच्या किंवा मालमत्तेच्या दाव्यात ती साधारणपणे दाव्याच्या मूल्यावर अवलंबून असते. तिची कमाल मर्यादा ३ लाख रुपये होती, ती २०१८ पासून १० लाख झाली. फिर्याद (दाव्याचा लेखी अर्ज) लावणाऱ्यालाच ही फी भरावी लागते. प्रतिवादी म्हणून नुसती कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची असेल तर मूल्यानुसार फी लागत नाही, प्रतिदावा केला तर लागते. घरमालक-भाडेकरू वाद धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात, कौटुंबिक वाद वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात आणि इतर बरेचसे दावे शहर दिवाणी न्यायालयात चालतात. जमिनीचा दावा मात्र जमीन असेल तिथेच लावावा लागतो. आर्थर रोडमधल्या माणसाची रत्नागिरीतली वाटणी रत्नागिरीतच चालणार.

फीचा भार उतरवण्याचे दोन मार्ग आहेत. त्यांची गल्लत झाली की नुकसान बंद्याचेच होते.

पहिला मार्ग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ चा, म्हणजे निर्धन म्हणून दावा लावण्याचा. इथे नुसता तुरुंगवास पुरत नाही, फी भरण्याइतकी ऐपत नाही हे दाखवावे लागते. अर्जात फिर्यादीच्या मजकुरासोबत सगळ्या स्थावर-जंगम मालमत्तेची यादी अंदाजे किमतीसह जोडायची असते. बरेच अर्ज इथेच अडतात, कारण अर्जदार एक तर घाबरून सगळे लिहितो किंवा काहीच लिहीत नाही. यादी पूर्ण आणि खरी हवीच, पण ऐपत मोजताना जप्तीतून वगळलेल्या वस्तू धरल्या जात नाहीत. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, धार्मिक रूढीमुळे स्त्रीला अंगावरून उतरवता न येणारा दागिना, भविष्य निर्वाह निधी हे सगळे त्यात येते. भाडे नियंत्रण कायद्याखालच्या राहत्या खोलीतला भाडेकरूचा हक्कसुद्धा या यादीत आहे. मुंबईत ही तरतूद फार मोलाची आहे, कारण अनेकांकडे तेवढी एकच खोली असते. शिवाय ज्या मालमत्तेवरून दावा आहे तीही ऐपतीत मोजत नाहीत.

अर्ज स्वतः हजर राहून द्यावा असा नियम आहे. हजेरीतून सूट मिळालेल्याच्या वतीने अधिकृत प्रतिनिधी तो देऊ शकतो, मात्र कोर्टाच्या प्रश्नांना उत्तरे देण्याइतकी माहिती त्याला हवी. मुखत्यारपत्रावर भावाला नुसते उभे करून भागत नाही. विरुद्ध पक्षाला आणि सरकारी वकिलाला किमान १० दिवसांची नोटीस जाते आणि ऐपतीची चौकशी होते. अर्जाआधीच्या २ महिन्यांत लबाडीने किंवा निर्धन ठरण्यासाठी मालमत्ता विकली असेल तर अर्ज फेटाळला जातो. वकिलाच्या फीसाठी किंवा घरखर्चासाठी प्रामाणिकपणे दागिने मोडले असतील तर हा नियम आड येऊ नये, पण पावती जपून ठेवलेली बरी.

परवानगी मिळाली तरी ही फी कायमची माफ होत नाही, तिची वसुली लांबते एवढेच. दावा जिंकला तर सरकार फी वसूल करते आणि तिचा पहिला बोजा दाव्याच्या मालमत्तेवर चढतो. हरला तर फी भरण्याचा हुकूम बंद्यावरच होतो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने बंद्याच्या तुरुंगातील खात्यातून दरमहा कपात करून फी वसूल केली जाते. आदेश ३३ मध्ये तशी कपात नाही.

दुसरा मार्ग विधी सेवा प्राधिकरण कायद्याचा. १९८७ चा हा कायदा १९९५ मध्ये अमलात आला. त्याच्या कलम १२ नुसार कोठडीत असलेली प्रत्येक व्यक्ती मोफत विधी सेवेला, म्हणजे कायदेशीर मदतीला, पात्र आहे आणि तिथे उत्पन्नाची अट नाही. या सेवेत वकिलाबरोबरच कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च आणि नकलांचा खर्चही येतो. प्राधिकरण एवढेच पाहते की दाव्यात सकृद्दर्शनी तथ्य आहे का. अर्ज तुरुंगातल्या विधी सेवा केंद्रातून किंवा अधीक्षकांमार्फत मुंबईच्या जिल्हा प्राधिकरणाकडे जातो. माझ्या मते बंद्याने आधी हाच दरवाजा ठोठवावा. मुंबईच्या तुरुंगातील स्त्रियांच्या मुलाखतींवरून पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले होते. त्यावरच्या १९८३ च्या निकालात कच्च्या कैद्यांच्या याद्या विधी साहाय्य समित्यांकडे पाठवण्याचे आणि समितीच्या वकिलांना तुरुंगात भेटीची सोय देण्याचे निर्देश आहेत.

भायखळ्यातल्या स्त्रियांना आणखी एक आधार आहे. राज्य सरकारच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसा आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्री पक्षकाराची कोर्ट फी माफ केली आहे. त्यासाठी ना बंदिवास दाखवावा लागतो, ना गरिबी.

कोर्ट फी माफ झाली म्हणजे विरुद्ध पक्षाचा खर्च माफ झाला असे नाही. संहितेच्या कलम ३५ नुसार हरणाऱ्यावर खर्च बसवता येतो, आणि खोटा किंवा त्रासदायक दावा लावल्यास कलम ३५-अ खाली ३,००० रुपयांपर्यंत भरपाईही. सरकारविरुद्ध दावा असेल तर कलम ८० ची २ महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. तातडीच्या प्रकरणात कोर्टाच्या परवानगीने ती टाळता येते.

सर्वांत मोठा फटका मुदतीचा बसतो. १९६३ च्या मुदत कायद्यात अज्ञान (अल्पवयीन) आणि मनोरुग्ण व्यक्तींना सवलत आहे, बंद्याला नाही. खटला आठ वर्षे रेंगाळला तरी पैशाच्या दाव्याची ३ वर्षांची मुदत आत बसल्याबसल्याच सरते, आणि दावा उशिरा लावल्याबद्दल विलंबमाफी मागता येत नाही. मला हा या व्यवस्थेतला सर्वांत अन्यायकारक भाग वाटतो. आदेश ३३ मुळे एवढा दिलासा मिळतो की परवानगीचा अर्ज कोर्टात दिला तीच दावा लावल्याची तारीख धरली जाते, चौकशीला पुढे कितीही महिने लागोत. विधी सेवा प्राधिकरणाकडे केलेल्या अर्जाने मात्र मुदत थांबत नाही. म्हणून मुदत संपत आली असेल तर नेमलेल्या वकिलाने फीची मंजुरी येईपर्यंत न थांबता फिर्याद आधी दाखल करावी आणि कमी पडलेली फी नंतर भरण्याची परवानगी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली मागावी.