मे महिन्यात सूर्य खाली येत नाही

परभणीत पारा ४४ वर गेला की पारावर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "औंदा सूर्य लईच जवळ आलाय." शिकलेली माणसंही माना डोलावतात. प्रत्यक्षात उलटं आहे. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपण हुरड्याची शेकोटी पेटवून बसतो तेव्हा. तेव्हा अंतर सुमारे १४.७ कोटी किलोमीटर, तर जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटी. फरक जेमतेम साडेतीन टक्के. अंतरावर ऊन ठरत असतं तर डिसेंबर-जानेवारीत ऑस्ट्रेलियात भर उन्हाळ्यात कसोटी सामने चालू असताना आपल्याकडे थंडी पडलीच नसती.

खरं कारण पृथ्वीच्या आसाचा साडेतेवीस अंशांचा कल. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य आकाशात जेमतेम अर्ध्यावर चढतो. किरणं तिरपी पडतात, तेच ऊन जास्त जमिनीवर पसरतं, आणि दिवसही अकरा तासांचा. मे महिन्यात सूर्य थेट डोक्यावर, दिवस तेरा तासांचा.

हे अंगणात बघता येतं. मेच्या मध्याला, लातूरला थोडं आधी, परभणीला नंतर, संभाजीनगरला त्याहून नंतर, सव्वाबाराच्या पुढे पाण्याने भरलेला तांब्या सपाट फरशीवर ठेवा. सावली सरकत सरकत तांब्याच्या बुडाखाली गडप होते. जुलैअखेरीस सूर्य परत असाच डोक्यावर येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं. भरलेलं असावं, एवढीच आपली अपेक्षा!